युद्धाच्या छायेतील बालके आणि लसीकरण

(पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. इतिहास-भूगोल शिकवणारा साधा शिक्षक आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, त्याला २०१८ सालचा एक प्रसंग कारण आहे. त्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली आणि शाळाशाळांतून मुलांना लस टोचावयाचे ठरले. माझ्या वर्गाचा दिवस उजाडला, तेव्हा निम्मे बाक रिकामे होते. फाटकाशी सात-आठ माता उभ्या. त्यांतील एकीने मला विचारले, "सर, पाकिस्तानात लशीच्या नावाखाली हेरगिरी झाली म्हणतात. खरं की खोटं?"

"खोटं" म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण ते खरे होते.

२०११ साली ॲबटाबाद शहरात ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने एका स्थानिक डॉक्टरकरवी हिपॅटायटिस-बीच्या लशीची मोहीम उभी केली. घरातील मुलांच्या रक्ताचा अंश मिळवावा, असा तो बेत होता. वृत्तपत्रांनी तो उघड केला तेव्हा कळले की, एका गरीब वस्तीत पहिली मात्रा दिली गेली, आणि दुसरी देण्याची वेळ आली तेव्हा पथक तिकडे न फिरकता संशयित घराच्या मोहल्ल्यात निघून गेले होते. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत बोचते.

जून २०१२ मध्ये वझिरिस्तानातील तालिबानी सरदारांनी ड्रोन हल्ले थांबेपर्यंत पोलिओचे डोस बंद, असे फर्मान काढले. त्याच डिसेंबरात कराची आणि पेशावर भागात डोस पाजणाऱ्या कार्यकर्त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मरणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. २०१४ साली पाकिस्तानात ३०६ बालके पोलिओने ग्रासली. लसीकरणाचा असा वापर यापुढे करणार नाही, हे अमेरिकेने लेखी कळवले तेही २०१४ सालीच. वचन आले, पण किती उशिरा!

२०२४ सालात जगातील सुमारे १ कोटी ४३ लाख अर्भकांना एकही लस मिळाली नाही. युद्धाने वा अस्थैर्याने पोखरलेल्या २६ देशांत जगातील चौथा हिस्सा बालके जन्मतात, पण बिनलशीच्या बालकांपैकी निम्मी तेथीलच. आईबापांचे अज्ञान, असे म्हणून आपण मान डोलावतो. गाझाचे उदाहरण पाहा. २०२२ साली तेथे पोलिओ लसीकरण ९९ टक्के होते! मग युद्ध आले, दवाखाने पडले, गटारे फुटली. जुलै २०२४ मध्ये सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला आणि ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओ झाल्याचे सिद्ध झाले. पंचवीस वर्षांतील ते पहिलेच. त्याच्या जन्मानंतर लगेच लढाई पेटली होती; त्याला लस कोण देणार?

१ सप्टेंबरपासून रोज काही तास गोळीबार थांबवण्याचे ठरले. आधी मध्य भाग, मग दक्षिण, शेवटी उत्तर. ऊन रणरणते, वीज नाही, आणि लस तर २ ते ८ अंशांत जपायची. तंबूंतून आया मुलांना कडेवर घेऊन रांगेत आल्या. बारा दिवसांत दहा वर्षांखालील सुमारे ५ लाख ६० हजार मुलांना दोन-दोन थेंब मिळाले. दुसऱ्या फेरीच्या वेळी मात्र उत्तरेत भडिमार सुरू राहिला, मोहीम लांबली, आणि २ नोव्हेंबरला लसीकरण चालू असलेल्या एका केंद्रावरच मारा होऊन चार मुलांसह सहाजण जखमी झाले. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये पथके तिसऱ्यांदा गेलीच.

ही तऱ्हा नवी नव्हे. १९८५ साली एल साल्वादोरमध्ये यादवी पेटली असता युनिसेफचे जेम्स ग्रँट यांनी राष्ट्राध्यक्ष दुआर्ते यांना गाठले, कॅथलिक चर्चने बंडखोरांकडे रदबदली केली, आणि तीन दिवस बंदुका थांबल्या. सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली. पुढे यादवी संपेपर्यंत दरवर्षी हे घडत राहिले. शत्रूशी बोलू शकेल असा, दोहोंकडच्या विश्वासातला माणूस तेथे होता.

फाटकापाशी मी म्हणालो, "खरं आहे, आपा. पण ते पथक दुसऱ्या मात्रेला परतलं नाही. आपल्या नर्सबाई कित्येक वर्षं याच मोहल्ल्यात येतात. तुमच्या धाकट्याला पहिला डोस त्यांनीच पाजला."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमची मुलगी कुठाय?"

ती बालवर्गात होती. तिला आणून सर्वांदेखत टोचून घेतले; रडली बिचारी. त्या दिवशी चार मातांनी मुले आत पाठवली, आणखी काही पुढच्या आठवड्यात आली. दोघे आलेच नाहीत. मी त्यांच्या घरी एकदाच गेलो, दार बंद होते, पुन्हा गेलो नाही.

म्हणून या जूनपासून प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड पाहावे, अशी माझी विनंती आहे. कार्ड हरवले असेल तर प्रवेश अडवू नये. नाव वहीत लिहून आरोग्य केंद्राकडे चौकशी करावी. आणि ज्या घरांचे दार बंद आढळेल, तेथे वर्गशिक्षकाने दुसऱ्यांदा जावे. पहिली दोन घरे माझ्याकडे राहू द्यात.