पत्र्यावरील मांडणीचें गणित

दिवाळीच्या दिवसांत पुष्कळ घरीं शंकरपाळेहि होतात आणि करंज्याहि. शंकरपाळ्यांची पोळी तिरप्या रेघांनीं कापली कीं कडेच्या चार तुकड्यांखेरीज कांहीं वायां जात नाहीं. करंजीसाठीं पोळीवर वाटी दाबून गोल पाऱ्या काढल्या, तर पाऱ्यांच्या बेचक्यांत पिठाचे त्रिकोण उरतातच. गृहिणी ते गोळा करून पुन्हां मळते आणि नवी पोळी लाटते. तिचें कांहीं बिघडत नाहीं. पोलादाचा पत्रा असा पुन्हां मळतां येत नाहीं. त्याचें उरलेलें कात्रण भंगारांत जातें, आणि भट्टींत वितळून त्याचा फिरून पत्रा होईपर्यंत इंधन, वीज व वाहतूक यांचा खर्च नव्यानें करावा लागतो. म्हणून पत्रा कापण्यापूर्वीं त्यावर भाग कसे मांडावे, याचा विचार करणारें एक शास्त्रच निर्माण झालें आहे.

पत्रा कातरीनें कापला जाई तोंवर कापाची रेघ बहुधा सरळ असे. लेसरनें ही स्थिति पालटली. पहिला लेसर १९६० सालीं प्रकाशला. १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कुमार पटेल यांनीं कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. हे पटेल जन्मानें बारामतीचे आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे पदवीधर, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. १९६७ सालीं इंग्लंडांत या किरणाला प्राणवायूच्या झोताची जोड देऊन पोलादाचा पत्रा कापण्यांत आला. किरण हव्या त्या वळणानें फिरतो. त्यामुळें भागांचे आकार स्वैर झाले, आणि ते एकमेकांशेजारीं बसविण्याचा प्रश्नहि तितकाच बिकट झाला.

हा प्रश्न सोडविणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस कारखान्यांत ‘नेस्टिंग सॉफ्टवेअर’ म्हणतात. डब्यांत डबा बसवावा तसे आकारांत आकार बसविणें, हा त्यांतील भाव. तिचें महत्त्व कळण्यासाठीं थोडा हिशेब करूं. २५०० मिलिमीटर लांब, १२५० मिलिमीटर रुंद व २ मिलिमीटर जाड असा पोलादी पत्रा घ्या. त्याचें वजन सुमारें ४९ किलोग्रॅम भरतें. त्यांतून गोल चकत्या काढावयाच्या आहेत, आणि मधली मोकळी जागा धरून प्रत्येकीस १०० मिलिमीटर व्यासाचें वर्तुळ लागतें. बुद्धिबळाच्या पटावरील घरांप्रमाणें ओळीखालीं ओळ मांडली, तर २५ गुणिले १२, म्हणजे ३०० चकत्या बसतात. आतां प्रत्येक दुसरी ओळ अर्ध्या चकतीनें सरकवून आधींच्या ओळीच्या खांचांत बसवा. रुंदींत १४ ओळी मावतात. आळीपाळीनें २५ व २४ धरून ३४३ चकत्या निघतात. ह्याच ओळी लांबीऐवजीं रुंदीच्या दिशेनें घातल्या, तर मात्र संख्या ३३६ होते! तीन हजार चकत्यांची मागणी असेल, तर साध्या मांडणीला १० पत्रे लागतील आणि चांगल्या मांडणीला ९. एक अख्खा पत्रा वांचला, तो केवळ ओळी सरकविल्यामुळें.

चकत्यांचें हें गणित कागदावर होतें. वांकड्यातिकड्या आकारांना निराळी युक्ति लागते, आणि ती घरींच करून पाहण्यासारखी आहे. पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या. एक टेबलावर स्थिर ठेवा. दुसऱ्याला एक भोंक पाडून त्यांत पेन्सिलीचें टोंक घाला, आणि तो तुकडा मुळींच न वळवितां, पहिल्याच्या कडेला सतत टेकलेला ठेवून, सभोंवार सरकवीत न्या. पेन्सिलीनें जी बंद रेघ उमटेल तिच्या आंत पेन्सिल गेली कीं तुकडे एकमेकांवर चढले. रेघेवर असली कीं ते टेकले. बाहेर असली कीं मोकळे. दोन सारख्या नाण्यांचा प्रयोग केला व मध्यबिंदु धरला, तर दुप्पट त्रिज्येचें वर्तुळ मिळेल. संगणक प्रत्येक जोडीसाठीं ही रेघ आधींच काढून ठेवतो. मग ‘हा भाग येथें बसेल काय’ या प्रश्नाचें उत्तर त्याला क्षणांत मिळतें.

तरीहि कोणता भाग आधीं ठेवावा हें ठरतच नाहीं. केवळ २० निरनिराळ्या भागांचे क्रम लावूं गेल्यास ती संख्या एकोणीस आंकडी होते, आणि भाग फिरवितां येतात हें तिच्यांत धरलेलेंच नाहीं. सर्व क्रम तपासणें अशक्य. म्हणून कांहीं आज्ञावल्या क्रमांची जणूं पैदास करतात: चांगले क्रम निवडावयाचे, त्यांची सरमिसळ करावयाची, मधूनच एखादा बदल घालावयाचा, आणि पिढ्यांमागून पिढ्या पुढें न्यावयाच्या. हातीं येतें तें उत्तम नव्हे, बऱ्यापैकीं चांगलें. एसव्हीजीनेस्ट व डीपनेस्ट या अशाच आज्ञावल्या असून त्या खुल्या आहेत, हें लहान कारखानदारानें ध्यानांत ठेवावें.

या विचाराचें मूळ लेसरहून जुनें आहे. लेनिनग्राडचे गणिती कांतोरोविच यांच्यापुढें प्लायवुड उद्योगानें यंत्रांवरील कामाच्या वांटणीचा प्रश्न ठेवला. त्यांतून १९३९ सालीं जें छोटें पुस्तक निघालें त्यांत माल काटकसरीनें कसा कापावा याचाहि विचार आहे. १९५१ सालीं त्यांनीं झाल्गालेर यांच्यासह याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९७५ चें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालें.

पण सर्वांत दाट मांडणी तीच सर्वांत चांगली, असें मात्र समजूं नये. येथें गणिती व कारागीर यांचें पटत नाहीं, आणि माझा कौल कारागिराकडे आहे. भाग फार खेंटून ठेवले कीं मधली अरुंद पट्टी तापून वांकते. पत्रा दांतेरी पट्ट्यांवर ठेवलेला असतो. लहान तुकडा कापून सुटला कीं कधीं कलंडून उभा राहतो, आणि वरून वेगानें येणारें यंत्राचें मुख त्यावर आदळतें. म्हणून अशा तुकड्याला बारीकसा सांधा न कापतां ठेवावा लागतो. शिवाय शिंप्याला जसा कापडाचा उभा-आडवा धागा पाहावा लागतो, तशी लाटलेल्या पत्र्यालाहि दिशा असते. तिला समांतर घडी घातली तर बाहेरच्या अंगास तडा जाण्याचा संभव अधिक. ज्या स्टेनलेस पत्र्यावर मुद्दाम बारीक रेघा उमटविलेल्या असतात, त्याचे भाग काटकोनांत फिरवून चालतच नाहींत. लिफ्टच्या दारावर एक फळी उभ्या रेघांची व दुसरी आडव्या रेघांची कोण पतकरील? ह्या अटी यंत्राला कोणीतरी सांगाव्या लागतात.

‘इतके टक्के पत्रा वांचतो’ अशी जाहिरात वाचली कीं मला करंजी आठवते. एकाच मापाच्या चकत्या असतील तर कोणतेंहि सॉफ्टवेअर शेंकडा ९०.६९ च्या पलीकडे जाऊं शकत नाहीं. ही मर्यादा वर्तुळाचीच आहे. बेचक्यांत दुसऱ्या मागणीचे लहान भाग बसवावे, कड्याच्या पोटांत चकती काढावी, किंवा आराखडा काढणारानेंच आकार थोडा शंकरपाळ्याकडे झुकवावा, हे खरे उपाय. तिसरा सर्वांत स्वस्त. पण आराखडा काढणारा व पत्रा कापणारा यांची गांठच बहुधा पडत नाहीं.

शेवटीं उरतो तो चाळणीसारखा सांगाडा, आणि कधीं हातभर रुंदीचा चांगला तुकडा. सांगाडा भंगारांत जावयाचा. तुकड्याचें माप आज्ञावलीच्या नोंदींत राहतें, आणि पुढील मागणीच्या वेळीं ती नव्या पत्र्याआधीं तोच मागते. मात्र त्याची जाडी, जात व क्रमांक त्याच दिवशीं खडूनें त्यावर लिहिलेला असावा लागतो. नाहींतर महिन्याभरानें कोपऱ्यांतल्या ढिगांतून तो ओळखून काढण्यापेक्षां नवा पत्रा घेणेंच कामगाराला सोईचें वाटतें.