भट्टी, रतीब आणि गणकयंत्र



शहराच्या जुन्या पेठेंतील एखादी लहान बेकरी डोळ्यांपुढें आणावी. पुढच्या बाजूस काचेचें कपाट, त्यांत खारी, टोस्ट आणि बटर. मागें काळवंडलेल्या भिंतींच्या खोलींत भट्टी. आणि गल्ल्यापाशीं दोऱ्यानें बांधलेली पेन्सिल व एक तेलकट वही. "कोपऱ्यावरच्या काकू, मोठा पाव १, उद्यां सकाळीं." "केक १ किलो, बिनअंड्याचा, नांव मागाहून कळवितील." अशा भाषेंत या वहींत उद्यांचा सारा दिवस लिहिलेला असतो. ज्यानें लिहिला त्याला तो वाचतां येतो, इतरांना क्वचितच.

वहीचें राज्य एकछत्री होतें तोंवर हें चाललें. पुढें दूरध्वनी आला, मग मोबाइलवरील निरोप आले. आतां कांहीं मागण्या वहींत, कांहीं मालकाच्या मोबाइलवर, तर कांहीं नुसत्या स्मरणांत असतात. शनिवारीं सायंकाळीं एक आई मुलाच्या वाढदिवसाचा केक न्यावयास येते. घरीं पंधरा मुलें कागदी टोप्या घालून बसलेलीं असतात, आणि दुकानदार वहीचीं पानें पुढेंमागें उलटीत राहतो. निरोप आलेला असतो, त्याला "बरें" असें उत्तरहि गेलेलें असतें. वहींत तेवढा तो उतरलेला नसतो. असा प्रसंग वर्षांतून दोनदां घडला तरी पिढीजात गिऱ्हाईक तुटतें.

अशा वेळीं घरांतील शिकलेली मुलगी वडिलांस म्हणते, "बाबा, आपण ऑनलाइन मागण्या घेऊं या." बाबांच्या मनांत लागलीच रंगीत देखावा उभा राहतो: केकचीं छायाचित्रें, वर दुकानाचें नांव, खालीं 'मागवा' असें बटण. वस्तुतः हें सर्वांत सोपें आणि सर्वांत शेवटचें काम होय. मुलगी शहाणी असेल तर ती आधीं दोन दिवस भट्टीपुढें बसेल. एका वेळीं भट्टींत किती ट्रे राहतात, पीठ किती वाजतां मळतात, तें फुगावयास किती तास लागतात, केक निवल्याशिवाय त्यावर क्रीम चढवितां येत नाहीं म्हणून तो आदल्या दिवशीं किती वाजेपर्यंत सांगितलेला असावा, हें सर्व ती टिपून घेईल. मोबाइलवर कपाट कितीहि मोठें दाखवितां येतें. भट्टी वाढवितां येत नाहीं. जी व्यवस्था भट्टीला न विचारतां 'होय' म्हणते ती वहीपेक्षां वाईट. वही फार तर विसरते. ही खोटें बोलते.

ही अडचण नवी नाहीं, आणि तिच्यावर यंत्राचा उपायहि नवा नाहीं. व्यापारी हिशेबासाठीं नित्य राबविलेलें जगांतील पहिलें गणकयंत्र एका पाव-केक करणाऱ्या कंपनीचें होतें. लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनीनें आपलें चहाचें पहिलें दुकान १८९४ सालीं उघडलें, आणि पुढें अशा दुकानांचें मोठें जाळेंच विणलें. त्यांचा माल कॅडबी हॉल येथील कारखान्यांतून जात असे. कंपनीचे दोन अधिकारी १९४७ सालीं कचेरीच्या नव्या पद्धती पाहण्यास अमेरिकेस गेले व तेथें त्यांनीं इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांची माहिती मिळविली. कंपनीनें केंब्रिज विद्यापीठांत चाललेल्या 'एडसॅक' यंत्राच्या कामास पैसे दिले, आणि १९४९ सालीं तें यंत्र चालूं लागल्यावर त्याच्याच धर्तीवर स्वतःचें 'लिओ' बांधलें. पाववाल्यानें गणकयंत्र बांधावयास घ्यावें, हें धाडस आजहि थोडें विनोदीच वाटतें. परंतु हजारों व्हॉल्व्ह आणि पाऱ्यानें भरलेल्या नळ्या असलेलें तें खोलीभर धूड १९५१ च्या नोव्हेंबरपासून दर आठवड्यास बेकरीच्या मालाचें मूल्य काढून देऊं लागलें.

खरी मौज पुढें आहे. १९५४ सालीं चहाच्या दुकानांच्या मागण्याहि लिओवर घेण्यांत आल्या. प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापिकेनें रोज सगळ्या जिन्नसांची यादी सांगावी, तर लिहिणारे थकून जातील. म्हणून प्रत्येक दुकानाची ठराविक मागणी यंत्राजवळ आधींच दिलेली असे. कारखान्याच्या कचेरींतून दुकानास दूरध्वनी जाई. व्यवस्थापिका तेवढा फरक सांगे. आणि ऐकणारी मुलगी तो ऐकतां ऐकतां कार्डावर भोंकें पाडून नोंदवीत असे. आपल्या घरच्या दुधाचा हिशेब याहून निराळा काय आहे? रतीब ठरलेला असतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहितात तो फक्त खाडा.

पेठेंतील त्या मुलीनें हेंच सूत्र धरावें. ज्या घरीं रोज पाव जातो त्यांनीं रोज बटण दाबण्याचें कारण नाहीं. त्यांचा रतीब नोंदलेला असावा आणि परगांवीं जातांना त्यांनीं खाडा तेवढा कळवावा. रतीब वजा जातां भट्टींत जी जागा उरेल तेवढीच नव्या गिऱ्हाइकांस दाखवावी, आणि ठरल्या वेळीं दुसऱ्या दिवशींच्या मागण्या बंद कराव्या. शेवटच्या एका पावासाठीं दोन घरांत एकाच क्षणीं बटण दाबलें गेलें, तर एकाचा पाव वजा केल्यावांचून दुसऱ्याची मागणी यंत्रानें पाहूंच नये. हें न साधल्यास सकाळीं एका पावाचे दोन धनी दुकानांत उभे राहतात.

पैशाची बाब आणखी नाजूक. २०१६ सालीं यूपीआय सुरू झालें आणि पुढें अगदीं लहान दुकानांतहि मोबाइलवरून पैसे घेऊं लागले. पण कधीं कधीं पैसे खात्यांतून जातात, आणि मधेंच जोडणी तुटल्यामुळें पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. घाबरलेलें गिऱ्हाईक पुन्हां बटण दाबतें. यासाठीं पैसे घेण्यापूर्वींच मागणीस क्रमांक द्यावा. त्या क्रमांकावर दहा वेळां बटण दाबलें तरी मागणी एकच राहावी. आणि पैसे पोंचल्याची खात्री गिऱ्हाइकाच्या पडद्यावरून न करतां ते पोंचविणाऱ्या संस्थेकडून थेट करून घ्यावी.

'बिनअंड्याचा' हा शब्द सूचनांच्या चौकटींत लिहिण्यावर सोडूं नये. तो निराळाच जिन्नस म्हणून यादींत असावा. ज्या घरीं अंडें चालत नाहीं तेथें घडलेली चूक पैसे परत देऊन भरून येत नाहीं.

सर्वांत गंमतीची परीक्षा दिवाळींत होते. घरचें तूप, मैदा, रवा आणि पिठीसाखर घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें बेकरींत येतात आणि नानकटाई भाजून नेतात. येथें विकावयाची वस्तु म्हणजे भट्टीचा वेळ. बाजारांत तयार मिळणाऱ्या बहुतेक व्यवस्थांना हा सौदा समजत नाहीं. त्यांना माल आणि किंमत एवढेंच ठाऊक. मुलीनें त्यासाठीं वेळेचीं निराळीं घरें आंखावीं, आणि मागणीचा क्रमांक डब्यावर व त्याच्या झांकणावर, दोन्हींकडे चिकटवावा. एका घरचें साजूक तूप दुसऱ्या घरच्या नानकटाईंत गेलें तर तें भांडण पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतें.

घरपोंच खाद्यपदार्थ नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे हें सारें सोंपवावें, असेंहि कोणी सुचवील. त्यांची दलाली द्यावी लागते हें एक. शिवाय मागणी त्यांच्या दारांतून आली कीं गिऱ्हाईकहि हळूहळू त्यांचें होतें. स्वतःची यादी ठेवावयाची तर मात्र ती जपलीहि पाहिजे. लोकांचे पत्ते आणि मुलांच्या जन्मतारखा कामापुरत्या घ्याव्या व काम होतांच पुसाव्या. अशा वैयक्तिक माहितीसंबंधीं २०२३ सालीं कायदाहि झाला आहे.

आणि दूरध्वनी काढून टाकूं नये. ज्या आजोबांस मोबाइलवरचीं अक्षरें दिसत नाहींत ते बोलूनच पाव मागवितील. गल्ल्यावरच्या मुलानें तें ऐकतां ऐकतां त्याच एका यादींत उतरवावें. दोन याद्या झाल्या कीं शनिवारची ती आई पुन्हां दारांत उभी राहिलीच.

पहांटे तीन वाजतां मात्र पडद्याचा उपयोग नाहीं. कारागिराचे हात पिठानें भरलेले असतात. त्याच्यासाठीं मोठ्या देवनागरी अक्षरांत एकच कागद छापून भट्टीजवळच्या खिळ्यास अडकवावा: वर त्या दिवसाचे खाडे, खालीं पाव किती, खारी किती, केक किती, आणि प्रत्येक केकवर घालावयाचें नांव, गिऱ्हाइकानें लिहिलें असेल तसेंच.