डबा रिकामा जात नाही

चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या लोकांना आम्ही ‘मंडळी’ म्हणतो. गावात गणपती बसवतं ते मंडळ, टाळ कुटतं ते भजनी मंडळ आणि आमची ती मंडळी. लहानपणी मला ही सगळी एकाच घरातली नावं वाटायची.

माझं बालपण राधानगरीत गेलं. वडील धरणावर नोकरीला होते. ख्रिस्ती घरं मोजून तीन. रविवारची भक्ती आमच्या ओसरीवर व्हायची आणि ढोलकी शेजारच्या भजनी मंडळाकडून मागून आणलेली असायची. मोठ्या सणाला मात्र पहाटेची एस. टी. पकडून कोल्हापूरला, वायल्डर मेमोरियल चर्चला जायचं. 1852 मध्ये कोल्हापुरात आलेल्या रॉयल वायल्डर या अमेरिकन मिशनऱ्याचं ते नाव.

गणेशोत्सवात वडील आरतीला उभे राहत नसत. त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं आणि गावानं कधी तसा आग्रहही धरला नाही. पण वर्गणीचं पावतीपुस्तक त्यांच्याकडे असायचं, कारण अक्षर मोत्यासारखं आणि हिशेब चोख. विसर्जनाच्या मिरवणुकीत लहान पोरांना दोरीच्या आत सांभाळायचं काम आमच्या तीन घरांतल्या मुलांकडे. सणात सामील होणं म्हणजे काय, हे मी तिथं शिकले. नुसतं कडेला उभं राहून कौतुक करणं मला आजही पुरेसं वाटत नाही. सणातलं एखादं काम अंगावर घ्यावं लागतं.

दिवाळीत शेजारच्या काकूंचा फराळाचा डबा यायचा. रिकामा डबा परत पाठवायचा नाही, म्हणून आई तूर्त त्यात मूठभर साखर घाली. खरी परतफेड नाताळात व्हायची. करंज्या, चकल्या, अनारसे, पदार्थ दिवाळीचेच. दारात कागदी चांदणी टांगलेली आणि गीतं म्हणायला निघालेल्या आमच्या घोळक्यात ढोलकीवर भजनी मंडळातलेच एक काका.

हे वळण कोल्हापूरच्या मातीतच आहे. शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, त्यात 1915 मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांचंही वसतिगृह निघालं. ज्या राजानं आमच्या गावचं धरण बांधायला घेतलं, त्यानंच आमच्या पोरांच्या निवाऱ्याचीही काळजी केली. शिरोळ तालुक्यात कुरुंदवाडला तर मशिदींमध्ये गणपती बसतात.

आमच्या गावावरून जाणारा रस्ता दाजीपूरवरून फोंडा घाट उतरतो आणि पुढं गोव्याकडं जाता येतं. तिथं म्हापशाला सेंट जेरोम चर्चमध्ये मिलाग्रिस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त असतं, ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी, सोमवारी. हिंदू आणि ख्रिस्ती दोघंही तिला तेल वाहतात. लोक मानतात की मिलाग्रिस आणि शिरगावची लईराई देवी या सख्ख्या बहिणी, सात बहिणींपैकी दोघी. परंपरेनं लईराईकडून म्हापशाला तेल येतं आणि म्हापशाहून शिरगावच्या जत्रेला मोगऱ्याची फुलं जातात. एकीच्या देवळात निखाऱ्यांवरून चालणारे धोंड, म्हणजे तिचे भक्त, दुसरीच्या देवळात मेणबत्त्या. कुणी कुणाची पूजा बदलायला सांगत नाही. बहिणीनं बहिणीकडं रिकाम्या हातानं जायचं नसतं, एवढंच दोन्हीकडचे लोक पाळतात. ही हकिगत मी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा मला नाताळात शेजारी पाठवायला आईनं फळीवर भरून ठेवलेली डब्यांची रांग आठवली.

आता काकू नाहीत, आईही नाही. यंदाच्या दिवाळीत काकूंच्या सूनबाईंनी डबा पाठवला. स्टीलचा, झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेला. साखर घालून तो लगेच परत करायचं मनात होतं, पण त्यांनीच निरोप धाडला, ‘राहू दे, नाताळात येऊ दे.’ म्हणून तो अजून माझ्या फळीवर आहे. अनारशांसाठी तांदूळ कालच भिजत घातलेत. रोज पाणी बदलायचं, परवा उपसायचे.