चौतीस म्हणजे काय?

मैत्रिणींनो, एम.एस.डब्ल्यू. होऊन मी बायकांच्या आरोग्याची शिबिरं घेत होते. पण तिशी उलटली तरी स्वतःच्या ब्राचं माप मला ठाऊक नव्हतं. काउंटरपलीकडे पुरुष. खालमानेनं ‘चौतीस’ म्हणायचं, कागदात गुंडाळलेलं घेऊन निघायचं. खांद्यावर वळ बाईच्या जातीला असायचेच, असं मी धरून चालले होते.

ते वळ चुकीच्या मापाचे होते. बराचसा भार छातीखालच्या पट्ट्यानं पेलायचा असतो. आकडा त्या पट्ट्याचा, अक्षर कपाचं. पट्टा सैल, म्हणून आपण खांद्याचे बंद आवळत जातो.

घरातली शिवणाची टेप घ्या. छातीखाली नीट बसवून मोजा, मग छातीच्या भरावर न आवळता मोजा. कंपनीगणिक तक्ता वेगळा, म्हणून दोन्ही आकडे त्याच्याशी ताडून बघा. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसावी, कारण इलॅस्टिक पुढे ढिलं पडतं. हात वर करा. पट्टा वर सरकला तर माप चुकलं.

मी टेप आणली आहे. आत पडद्यामागे एकमेकींची मापं घेऊ. आणि दुकानात आपलं माप मान वर करून सांगू.