डॉक्टर निवृत्त होतात, दुखणं होत नाही

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाची वेळ होत आलीय आणि आतून मसालेभाताचा वास येतोय, याची मला पूर्ण कल्पना आहे. तेव्हा थोडक्यात आटोपतो.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर, डॉक्टर नव्हे. कोणी कुठली गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. पण गेली दोन वर्षं आपल्या मंडळातल्या एका काकूंना दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यात जे पाहिलं ते आपल्यापुढे ठेवावंसं वाटतं.

काकूंच्या पाठीच्या दोन शस्त्रक्रिया झालेल्या. नऊ वर्षं एकाच डॉक्टरांकडून ऑक्सिकोडोन चालू होतं. त्याने दुखणं गेलं नव्हतं, पण ओट्यापाशी अर्धा तास उभं राहता यायचं, रात्री चार तास झोप लागायची. मग डॉक्टर निवृत्त झाले. घरी पत्र आलं: तीस दिवसांत दुसरी सोय पाहा. तीन ठिकाणी फोन केले. तिन्हीकडे उत्तर एकच, 'नव्या पेशंटला ही औषधं आम्ही लिहून देत नाही.' या वर्गातल्या औषधांना इथे रिफिल नसतो, दर वेळी नवं प्रिस्क्रिप्शन लागतं. म्हणजे डॉक्टर नाही तर औषधही नाही.

ही वेळ का आली? डॉक्टरांची भीती अगदीच निराधार नाही. एकट्या २०२१ साली अमेरिकेत ओपिऑइडच्या अतिमात्रेने ८०,०००हून अधिक माणसं दगावली, त्यांतली बहुतेक बेकायदा फेन्टानिलमुळे. त्याआधी, २०१६ मध्ये, सीडीसीने प्राथमिक डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनइतक्या मात्रेपर्यंत जाणं टाळा, आणि गेलात तर का ते नीट तपासा, असं त्यात होतं. आमच्या धंद्यातल्या भाषेत हा 'वॉर्निंग मेसेज' होता. अनेक राज्यांनी, विमा कंपन्यांनी आणि फार्मसींनी त्याचा 'एरर' करून टाकला. काही डॉक्टरांनी तर अशा पेशंटना हात लावणंच सोडलं.

याचे परिणाम दिसू लागल्यावर एप्रिल २०१९ मध्ये एफडीएने जाहीर इशारा दिला: ज्यांच्या शरीराला या औषधांची सवय झालीय त्यांची औषधं एकाएकी तोडू नका. त्याने असह्य वेदना, मानसिक कोंडी, अगदी आत्महत्येपर्यंत वेळ येते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरोग्य खात्याने सांगितलं की वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांना महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही हळू कमी केलेलं जास्त सोसवतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सीडीसीने आपल्या सूचना सुधारल्या आणि त्या आंधळेपणाने नियम म्हणून लावू नयेत, असं स्पष्ट म्हटलं. पण कागद बदलला म्हणून दारं लगेच उघडत नाहीत.

आता आपल्याबद्दल थोडं. काकूंना औषधाइतकाच त्रास आपल्या बोलण्याचा झाला. 'पाठ काय, सगळ्यांचीच दुखते.' 'गोळ्यांची सवय लागली असणार.' मंडळी, शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. औषध अचानक तोडलं की घाम, कापरं, जुलाब, झोप उडणं, हे कोणाच्याही शरीराला होतं. त्यात चारित्र्याचा प्रश्न येत नाही. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही हात न आवरणं. तेही आजारपणच आहे, त्यालाही उपचार आहेत.

अशी वेळ कोणावर आली तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. एक, पत्र आलं त्याच दिवशी आपली फाइल मागा: निदान, एमआरआयचे रिपोर्ट, शस्त्रक्रियांची माहिती, औषधांची यादी. कायद्याने तो तुमचा हक्क आहे. दोन, जाणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा की मधल्या काळाचं प्रिस्क्रिप्शन आणि पुढच्या डॉक्टरांना चिठ्ठी मिळेल का. आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांनाही विचारा. तीन, दुसऱ्याच्या गोळ्या घेऊ नका, भारतातून ट्रॅमाडॉल मागवू नका. इथे २०१४ पासून आणि तिथे २०१८ पासून ते नियंत्रित औषध आहे. औषध काही दिवस बंद राहिलं असेल तर आपल्या मनाने जुन्या मात्रेवर परत जाऊ नका, सहनशक्ती कमी झालेली असते, जिवावर बेतू शकतं. घरात नॅलोक्सोनचा स्प्रे ठेवा, २०२३ पासून तो प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो. चार, मनात जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर ९८८ या नंबरवर फोन करा. रात्री-बेरात्री केव्हाही.

काकूंना चौथ्या ठिकाणी डॉक्टर मिळाल्या. त्यांनी आधी पूर्ण फाइल वाचली, मग काकूंना विचारलं, 'तुम्हाला दिवसभरात काय काय करता यायला हवं?' आता मात्रा सावकाश कमी होतेय, जोडीला फिजिओथेरपी आहे. दुखणं आहेच. पण त्या एकट्या नाहीत.

आजच्या निधीतून आपल्याला एवढंच करायचंय: दूरच्या डॉक्टरांकडे जायला गाडी, विम्यात न बसणाऱ्या फिजिओथेरपीचा खर्च, आणि तपासणीच्या खोलीत शेजारी बसून कागद वाचणारं, दोन प्रश्न विचारणारं माणूस. औषध लिहून देणं आपल्या हातात नाही. सोबत देणं आहे.

पाकिटं टेबलावर ठेवलीत. पैसे देता आले तर पैसे द्या. महिन्यातला एक शनिवार देता आला तर त्याच पाकिटावर आपलं नाव आणि फोन नंबर लिहा. मला विचाराल तर शनिवारांचीच जास्त गरज आहे.