पाठीतली सळई
पोलिओनं पाठ वाकडी झालेली मुलं १९५०च्या आसपास अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये डॉ. पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे येत. त्यांनी स्टीलची सळई आकड्यांनी मणक्यांना अडकवली आणि मोटारीच्या जॅकसारखी ताणून कणा सरळ केला. १९६२ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि ही सळई जगभर पोचली.

पण कणा सरळ हवा तो समोरून पाहताना, बाजूनं नव्हे! कमरेत आतल्या बाजूला नैसर्गिक बाक असतो. सळई खालपर्यंत गेली, की तोच सपाट होई. मुलं मोठी झाली, आणि त्यातली काही पुढं झुकू लागली. ताठ उभं राहायचं, तर गुडघे वाकवावे लागत. इलाजच दुखणं होऊन बसला म्हणा ना.

१९८०च्या दशकात फ्रान्सच्या कोट्रेल आणि द्युबुसे यांनी दोन सळया आणि अनेक आकडे वापरून कण्याचा पीळही सोडवायला घेतला. पुढं मणक्यात थेट स्क्रू बसू लागले. आता प्रौढांच्या शस्त्रक्रियेआधी उभ्यानं, बाजूनं एक्स-रे काढून बाक मोजतात. कणा फारच आखडलेला असेल, तर मणक्यातलं पाचरीच्या आकाराचं हाड कापून बाक परत आणतात. यात रक्त बरंच जातं. शिवाय स्क्रू हाडात पक्के धरून राहावेत, म्हणून हाडांचा ठिसूळपणाही आधीच तपासतात.