घरातील बिनतारी जाळे : काही शब्दांची ओळख

(ग्रामपंचायतीच्या सभागृहात शिक्षक, कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेले भाषण)



'नेट गेले' हे दोन शब्द आज गोव्याच्या वाड्यावाड्यांतून ऐकू येतात. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, निवृत्तिवेतनधारकाचे हयातीचे प्रमाणपत्र, मुलांचा अभ्यास, दुकानदाराचा हिशेब ही सारी कामे ज्या जाळ्यावर अवलंबून आहेत, ते बंद पडले की मनुष्य अगतिक होतो. परंतु 'नेट गेले' एवढ्याच तक्रारीने दुरुस्ती करणाऱ्यास काहीच बोध होत नाही. कारण त्या दोन शब्दांत निदान तीन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. बिघाड ओळखता यावा यासाठी प्रथम शब्द ओळखले पाहिजेत. तेवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

'बिनतारी' हा शब्द आपणांस नवा नाही. पोलीस खात्याची बिनतारी संदेश यंत्रणा सर्वांच्या परिचयाची आहे. १८९५ साली कलकत्ता येथे जगदीशचंद्र बसू यांनी विद्युत्‌चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. आपल्या घरातील पेटीतून निघणाऱ्या लहरी त्याच कुळातील होत. फक्त त्यांची लांबी निराळी आहे. टपाल कचेरीतून येणारी 'तार' २०१३ साली इतिहासजमा झाली, परंतु तारेवाचून निरोप धाडण्याची विद्या मात्र घरोघरी पोहोचली.

आता घरातील साखळी पाहू. बाहेरून येणाऱ्या जोडणीचा, म्हणजे तांब्याच्या तारेचा अथवा काचेच्या प्रकाशतंतूचा, संदेश उपकरणांस समजेल अशा रूपात आणणारे यंत्र म्हणजे मोडेम. आलेला संदेश घरातील कोणत्या उपकरणाकडे जावयाचा, हे ठरविणारा तो राउटर. राउटरपासून आपल्या फोनपर्यंतचा जो शेवटचा बिनतारी टप्पा, त्याचे नाव वायफाय. हल्ली ही तिन्ही कामे बहुधा एकाच पेटीत होतात, त्यामुळे लोक त्या पेटीलाच 'वायफाय' म्हणतात आणि तेथूनच गोंधळास प्रारंभ होतो.

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. फोनवर लहरींच्या सर्व रेघा भरलेल्या दिसतात, तरी पान उघडत नाही, हा अनुभव आपणा सर्वांस आहे. त्या रेघा फोन व पेटी यांच्यामधील लहर किती जोरकस आहे, एवढेच सांगतात. पेटीच्या पलीकडे जोडणी जिवंत आहे की नाही, ते सांगत नाहीत. नळाची तोटी चकचकीत असली म्हणून टाकीत पाणी असतेच असे नाही.

या लहरींचे मानक १९९७ साली ठरले. त्या वेळी वेग सेकंदाला जास्तीत जास्त २ मेगाबिट होता. 'वायफाय' हे नाव १९९९ साली व्यापारी सोयीसाठी योजले गेले. तो कोणत्याही शब्दांचा संक्षेप नाही.

घरोघरच्या पेट्यांत प्रामुख्याने दोन पट्टे असतात : २.४ गीगाहर्ट्‌झ व ५ गीगाहर्ट्‌झ. पहिल्या पट्ट्यातील लहर सुमारे बारा सेंटिमीटर लांबीची असते. ती दूरवर पोहोचते व भिंती अधिक चांगल्या ओलांडते. मात्र तेथे शेजाऱ्यांची व स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीची गर्दी असते. दुसऱ्या पट्ट्यात वेग अधिक, परंतु आपल्या जुन्या घरांच्या जाड चिरेबंदी भिंतींपुढे ती लहर लवकर थकते. म्हणून पेटी लोखंडी कपाटात अथवा कोपऱ्यात न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळी ठेवावी. दूरच्या खोलीसाठी तार ओढणे शक्य असेल, तर तोच उत्तम उपाय होय. घरगुती जाळ्याची साधी तार शंभर मीटरपर्यंत काम देते. मध्ये बसविलेला साधा 'रिपीटर' लहर पुढे नेतो, परंतु ऐकणे व बोलणे एकाच पट्ट्यावर करावे लागल्यास वेग सुमारे निम्मा होतो.

वेगाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजेच १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतील आणि ७५० मेगाबाइटच्या चित्रफितीला निदान एक मिनिट लागेल. हा हिशेब माहीत असलेल्या ग्राहकास आपली फसवणूक झाली की नाही, हे स्वतःच पडताळता येते.

'आयपी पत्ता' म्हणजे जाळ्यावरील ठिकाणाचा क्रमांक. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात, ते जगाला अपुरे पडले. यास्तव घरातील उपकरणांना १९२.१६८ ने सुरू होणारे अंतर्गत क्रमांक देतात व बाहेर सर्वांचा मिळून एकच पत्ता दिसतो. पाकिटावर आपण 'अमुक यांच्या मार्फत' असे लिहितो, त्यातलाच हा प्रकार. घरातील पत्रे वाटण्याचे काम राउटर करतो.

येथेच जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. आपल्या जोडणीवरून परक्याने गैरकृत्य केले, तर चौकशी प्रथम त्या 'मार्फत'वाल्याच्या, म्हणजे आपल्याच दारी येते. म्हणून परवलीचा शब्द लांब असावा आणि तो शाळेच्या फळ्यावर अथवा कचेरीच्या भिंतीवर लिहून ठेवू नये. अभ्यागतांसाठी पेटीतच वेगळे 'पाहुण्यांचे जाळे' सुरू करण्याची सोय बहुधा असते. जाळ्याच्या संरक्षणाची 'डब्ल्यूईपी' ही जुनी पद्धत २००१ सालीच भेद्य ठरली. २००४ ची 'डब्ल्यूपीए-२' अथवा २०१८ ची 'डब्ल्यूपीए-३' निवडावी. पेटीची मांडणी बदलण्याचा परवलीचा शब्द निराळा असतो, तोही कारखान्यातून आला तसाच ठेवू नये. पैशांची ऑनलाइन फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

आता 'नेट गेले' असे म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पेटीला वीज आहे काय? प्रकाशतंतूच्या पेटीवर 'एलओएस' या अक्षरांपाशी तांबडा दिवा लागला आहे काय? लागला असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही, असे समजावे. दोन्ही ठीक असल्यास, पेटीला तारेने जोडलेल्या संगणकावर पान उघडते काय? उघडत असेल तर दोष घरातील लहरींचा आहे. जागा बदलून पाहावी. उघडत नसेल तर तसे स्पष्ट नमूद करून तक्रार करावी व तक्रार क्रमांक लिहून घ्यावा.

शिक्षकांनी ही तीन वाक्ये विद्यार्थ्यांकडून पाठ करून घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. कारण घरातील वडीलधाऱ्यांच्या वतीने तक्रार नोंदविण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच येते.